अनुमोदक

आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, म्हणजे आबा, इतकी वर्षं टिकले कसे, यावर अमळनेरच्या चहाच्या टपरीवर पुष्कळ विद्वान बोलतात. कोणी म्हणतं जात, कोणी म्हणतं वरपर्यंत ओळख. माझं नाव कोणी घेत नाही. अन्यायच म्हणायचा.

सभेच्या इतिवृत्ताचं रजिस्टर वीस वर्षं माझ्याकडे आहे. अक्षर वळणदार, म्हणून. सभा चारला असली की मी दोनलाच ती लिहून मोकळा : ठराव, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’, ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली’. सभासदांना फक्त भजी संपवायची उरत.

त्या दिवशी शाळेत शिपाई असलेल्या अक्कांना काढायचं होतं. आबांच्या घरच्या लग्नात त्या पुऱ्या लाटायला गेल्या नव्हत्या. ठरावात मी ‘कर्तव्यात कसूर’ लिहिलं. पुऱ्यांचा उल्लेख शालीनपणे टाळला.

आबांनी विचारलं, “बठ्ठासना व्हकार शे ना?”

शिक्षकांच्या प्रतिनिधी बाई उभ्या राहिल्या. “भाऊ, मना नकार लिखा.”

मी पेन उघडलं. अनुमोदक म्हणून पाळीपाळीने एकेकाचं नाव घालायची माझी पद्धत. त्या दुपारी पाळी बाईंची आली होती.

“काय भाऊ, शाई सरनी का?” आबा हसले. सगळे हसले. मीही.

खाडाखोड केली तर तिथे अध्यक्षांची सही लागते. नियम म्हणजे नियम. मी पेन बंद केलं.

पुढच्या सभेत ते ‘वाचून कायम’ झालं, म्हणजे कोणीच वाचलं नाही. बाईंनीही नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

आता अक्कांनी नोकरीसाठी दाद मागितली आहे. संस्थेने पुरावा म्हणून त्या पानाची नक्कल दिली. ती वाचून अक्कांनी बाईंशी बोलणं सोडलं. बाई माझ्या टेबलाशी आल्या.

“भाऊ, अनुमोदक मी?”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आबांनी आजवर कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. गरजच काय? खाडाखोड न आवडणारा एक टापटिपीचा माणूस पदरी असला की भागतं.

आज सकाळी मी जबाब लिहिला : बाईंनी विरोध केला होता, मी तो नोंदवला नाही, सभा मी आधीच लिहून ठेवली होती. शेवटी सवयीने ‘आभार मानून’ एवढं लिहिलं गेलं. ते खोडलं. खोडलं तिथे सही केली, माझीच. कागद तसाच घेऊन धुळ्याच्या एसटीत बसलोय. अक्कांचे वकील तिथे असतात.