बाकी बेचाळीस पावलं

कार्तिक अमावास्येच्या आदल्या दिवशीचा हिशेब असा. काकूंच्या दारापासून अणदूरच्या खंडोबाच्या पायरीपर्यंत त्यांची सहाशे बारा पावलं. चालून झालेली पाचशे सत्तर. बाकी बेचाळीस. हजर तिघं: काकू, मी आणि पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा दत्ता.

काकू म्हणजे माझ्या चुलती. घर भिंतीला भिंत लागून. उन्हाळ्यात त्यांचा खुबा मोडला, सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी काकूंनी फक्त उंबरा ठरवला. मग नळ, मग पिठाची गिरणी. त्या वॉकर घेऊन पुढे, मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागे. ठरल्या जागी त्या बसायच्या, दम घ्यायच्या आणि चालतच परत यायच्या. आकडा मी कॅलेंडरवर लिहायचो. गिरणीवाला विचारायचा, "काकू, आज कुठलं स्टेशन?" त्या सांगायच्या, "डेअरी. पुढचं तिकीट काढलं न्हाय अजून."

जन्मभर त्यांनी लोकांच्या रानात खुरपलं होतं. त्या म्हणायच्या, पात धरली की पातीचं टोक बघावं, सगळं रान बघितलं की कंबर आधीच मोडती. ठरल्यापेक्षा एक पाऊलही जास्त टाकायच्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणायच्या, "उद्याचं आजच खाल्लं, तर उद्या उठायचं कशाला?"

आमचा देव सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असतो. प्रतिपदेला तो निघणार होता. त्याआधी आपल्या पायांनी पायरी गाठायची, एवढंच काकूंनी ठरवलं होतं. आज पंधरा, उद्या पंधरा, निघायच्या दिवशी बारा.

दत्ताला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. पंधरा पावलं झाली आणि काकू खुर्चीत टेकल्या. समोर देऊळ दिसत होतं. दत्ता म्हणाला, एवढ्याशासाठी दोन दिवस कशाला? काकू म्हणाल्या, "राहू दे रे. माझं आजचं झालंय." त्यानं ऐकलं नाही. खुर्चीसकट त्यांना उचलून थेट देवापुढे नेलं, भंडारा लावला, फोटो काढला. काकू मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. संध्याकाळी त्याच्या स्टेटसला फोटो आला: आईची इच्छा पूर्ण केली.

सकाळी मी वॉकर घेऊन दारात उभा राहिलो. पंधरा पावलं ठरली आहेत, म्हणालो.

"कुठं जायचं ते सांग," काकू म्हणाल्या. "देवळात तर नेऊन आणलं मला."

त्या उठल्या नाहीत. नळदुर्गाहून देव परत आला तेव्हा त्या कुशीवरही स्वतः वळत नव्हत्या. चैत्रात गेल्या.

तेराव्याला दत्ता पाहुण्यांना तोच फोटो दाखवत होता. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "तिचं चालणं तू मोडलंस." पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं, प्रसंग तरी बघा म्हणाले. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पण हिशेब पुरता सांगायचा तर भरली खुर्ची एकट्याच्यानं उचलवत नाही. उजवी बाजू दत्तानं धरली होती. डावी मी.