पाडव्याआधी गेलेला डंक

उन्हाळ्यात पौड रस्त्याने जाताना कुठे मिरची कांडली जात असली आणि तिचा तिखट वास गाडीत शिरला, की मी काच वर करतो. बायको म्हणते, एवढी वर्षं पोलिसात काढली आणि तिखटाला घाबरता. मुळशीतली एक चोरी मला तेव्हा आठवत असते.

त्या वेळी मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. पाडवा तीन दिवसांवर आला होता. सकाळची हजेरी आटोपून चहा हातात घेतला, तोच पस्तिशीची एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. कासार आंबोलीजवळच्या एका गावची. नवरा वारलेला, दोन लेकरं, घरात म्हातारे सासरे. ती रडत नव्हती. काखेत एक पिवळी फाईल होती.

"साहेब, माझा डंक चोरीला गेला," ती म्हणाली.

डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. त्याची लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि मिरची कुटली जाते. बँकेचं कर्ज काढून तिने तो आणला होता आणि पाडव्याला नारळ फोडून चालू करणार होती. फाईलमध्ये कर्जमंजुरीचं पत्र होतं, थ्री फेज जोडणीची पावती होती आणि एक शाळेची वही होती. चार महिने ती गावोगावी पायपीट करत होती. कोण किती मसाला करतं, कुठे कांडून आणतं, गावातल्या बायका स्वतःची मिरची घेऊन येतात पण बावधनच्या सोसायट्यांना तयार मसाला हवा असतो, सगळं लिहिलेलं. इतकी नीट केस डायरी मी आयुष्यात लिहिली नाही.

"वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच हुतो, साहेब. वळीव पडला की काम संपलं," ती म्हणाली. "मला हंगाम घावला पायजे. तेवढं लवकर शोधा."

मी गुन्हा दाखल करून दोन पंचांसह जागेवर गेलो. घराला लागून पत्र्याची शेड, दार अजून बसायचं होतं. सिमेंटच्या ओट्यातून चार बोल्ट नुसते वर आलेले. त्यांचे नट वायसरसकट फळीवरच्या एका डब्यात ठेवलेले होते. पंचनाम्यात मी ते लिहून घेतलं. लिहिलं खरं, पण वाचलं नाही.

संशय सरळ होता. शेजारच्या गावात एक गिरणीवाला होता, त्याचाही डंक होता. 'हे बाईमाणसाचं काम न्हाई,' असं तो दूध डेअरीवर चारचौघांत बोलला होता. त्याला बोलावलं आणि अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं. बसवून ठेवलं की माणूस आतून सैल होतो, हा आमचा जुना अनुभव. हा गडी सैल झाला नाही, तापला.

"मशीन कशी काढली ते तरी सांगा," तो म्हणाला. मी नटांचं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, चोर बोल्ट कापतो. लई तर नट फेकून देतो. ह्यानं वायसर सुदीक जपून ठिवलेत. ह्यो मशीन इकायला न्हेणारा न्हाई, परत बसवायची हाय त्येला."

साप साप म्हणून मी भुई धोपटत बसलो होतो. मी त्याची माफी मागितली आणि पुन्हा त्या घरी गेलो. सासरे अंगणात बसले होते. पिरंगुटच्या एका कंपनीत फिटर होते, निवृत्त झालेले. मी म्हणालो, "अण्णा, पाने आहेत का तुमच्याकडे?"

"हायेत की."

पेटी आणली. एकेक पाना पुसून आपापल्या जागी ठेवलेला. मी एवढंच विचारलं, "कुठंय?"

म्हातारा खाली बसला. "पोराच्या हाटेलात."

रस्त्याकडेला त्यांचं बंद हॉटेल होतं. जमिनीचा तुकडा विकून त्यांनी मुलाला ते काढून दिलं होतं. ते चाललं नाही आणि एक दिवस मुलाने तिथेच मागच्या खोलीत गळफास घेतला. तेव्हापासून किल्ली म्हाताऱ्याच्या करदोट्याला होती. ओळखीचा टेम्पो बोलावून, सून बाजाराला गेलेली असताना त्यांनी डंक तिथे नेला. ताडपत्रीत नीट गुंडाळून ठेवला होता.

"पोरानं बी अशीच फाईल केली हुती," म्हातारा म्हणाला. "मला लई कवतिक वाटलं हुतं त्या फाईलीचं. आता ही बी त्याच वाटंनं निघाली. नारळ फुटला की माघारी फिरता येत न्हाई, म्हणून त्येच्या आधी न्हेली. धंदा न्हाई झाला तरी ही जगंल, एवढंच डोक्यात हुतं. लेकरांना आता हीच हाय."

सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अण्णा, मला इचारायचं तरी." आणि मग माझ्याकडे वळली. "साहेब, माझी काय तक्रार न्हाई. मशीन तेवढी द्या, उद्या पाडवा हाय."

मी म्हणालो, "बाई, आता तो मुद्देमाल आहे. न्यायालयात अर्ज करा, आदेश आला की मिळेल."

नियमाने ते बरोबरच होतं. डंक ठाण्याच्या आवारात आणला. त्याच्याशेजारी उभं राहून आम्ही फोटो काढला आणि तो पेपरात छापून आला. म्हाताऱ्याला जामीन मिळाला. बाईने चारच दिवसांत अर्ज केला. न्यायालयाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. म्हणणं म्हणजे काय, 'यंत्र अर्जदाराचंच आहे, देण्यास हरकत नाही,' या दोन ओळी. तो कागद माझ्या टेबलावर आला आणि तिथेच राहिला. यात्रांचे बंदोबस्त होते, साहेबांची तपासणी होती. दोन वेळा तारीख पडली आणि दोन्ही वेळा आमचं म्हणणं गेलं नाही. मुद्दाम केलं नाही. विसरलोही नाही. उद्या लिहू, असं रोज म्हणत गेलो.

ती दर सोमवारी यायची, विचारायची आणि जायची. म्हातारा मात्र दिवसाआड यायचा. तेलाचं फडकं घेऊन ताडपत्री बाजूला करायचा, मुसळं पुसायचा. शिपाई हसायचे, चोराने मुद्देमाल जपलेला पहिल्यांदाच बघतोय म्हणायचे. मीही हसलो होतो.

आदेश आला तेव्हा दोन वळीव पडून गेले होते. पावती करून मी डंक ताब्यात दिला. बाईने सही केली. फाईल तिने आणली नव्हती. म्हातारा जरा मागे थांबला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मी तीन दिस लपवली हुती. तुमी दोन म्हैनं."

मी पावतीची प्रत फाईलला लावली.

हप्ते सुरू झाले होते, हंगाम हातचा गेला होता. दिवाळीच्या आत तिने डंक त्याच गिरणीवाल्याला विकला. त्याने भाव पाडला नाही, माणूस सरळ होता. ती आता कुठल्याशा बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, असं ऐकलं. मी भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

धंदा सुरू करणाऱ्याला पैसा लागतो, हिंमत लागते, हे सगळे सांगतात. त्याला दिवसही लागतात, आणि ते दुसऱ्यांच्या टेबलांवर पडून असतात, हे मला त्या बाईने शिकवलं. त्यानंतर असं म्हणणं मी कधी दुसऱ्या दिवसावर ठेवलं नाही. तिला त्याचा काय उपयोग?

माझ्या निरोप समारंभात उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांची यादी वाचली गेली. त्यात हाही होता. 'तीन दिवसांत तपास पूर्ण, शंभर टक्के मुद्देमाल हस्तगत.' टाळ्या पडल्या. मी उठून शाल घेतली.