मोडीत गेलेले चार बुश

लग्नानंतर चौथ्या वर्षी यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी मोटारसायकल घेतली. लढाईच्या काळातली, हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेली. हे देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपात टर्नर होते आणि आम्ही चिंचवडला एका खोलीत राहायचो. गाडी चालत नव्हती, म्हणून ती बैलगाडीत घालून घरी आली. मागून धरायला यांचे मित्र होते. ते मूळचे कोकणातले, यांच्या शेजारच्या लेथवर कामाला. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे. मी त्यांना भाऊजी म्हणायची.

इंजिन महिनाभरात सुरू झालं. पण पुढचं चाक जागेवर राहीना. खड्डा आला की हँडलला हिसका बसायचा. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन पाय असतात, ते फोर्क आतून झिजले होते. दोघांनी खोक्यावर गाडी चढवून ते खोलले. आतलं काळं तेल धरायला यांना भांडं हवं होतं, तर यांनी सरळ माझी पितळी परात ओढली. पुढे ती मी चिंचेने घासली, राखेने घासली, पण वास जाईना. त्यात पीठ मळायची माझी इच्छाच गेली. त्यावरून आमचं बरंच वाजलं. त्या दिवसांत कशावरूनही वाजायचं. ओटीवर गोणपाट अंथरून तेलातल्या स्प्रिंगा, नळ्या मांडलेल्या असायच्या आणि मला पाय ठेवायला जागा नसायची.

नळ्या ज्या पितळी कड्यांमधून वरखाली सरकतात, त्या कड्यांना बुश म्हणतात. ते चारही झिजले होते आणि बाजारात मिळत नव्हते. भाऊजींच्या हाताला यांच्यापेक्षा जास्त सफाई होती, असं हे स्वतःच म्हणायचे. म्हणून ते काम भाऊजींनी घेतलं. गावातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या लेथवर, सुटीच्या दिवशी, ते बुश कातायचे आणि परत परत मोजायचे. एक बिघडला तेव्हा त्यांनी तो टाकून नवा केला. असे चार रविवार गेले.

मग एका सकाळी, हे कामावर गेलेले असताना, त्या आठवड्यात रात्रपाळीला असलेले भाऊजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन दारात आले. मी आमच्या लहानग्या मुलीला न्हाऊ घालत होते. हात पुसून पुडी घेतली. जुने बुश ज्या डब्यात होते त्याच डब्यात ती ठेवली आणि विसरले.

तीन-चार दिवसांनी भांडी विकणारा कासार आला. जुनं पितळ मोडीत घेऊन तो नवं भांडं द्यायचा. ती परात मी त्याच्या तराजूत घातली. मला नवी परात हवी होती आणि वजन थोडं कमी पडत होतं. मी बुशांचा डबा आणला आणि उपडा केला. पुडीचा कागदही त्यातच पडला. कासाराने एक कडं हातात घेऊन फिरवलं. म्हणाला, “ताई, ह्यो माल तर नवा दिसतोय. द्यायचाच हाय ना?” मी म्हटलं, घे. त्या घटकेला मला आठवलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण त्याने विचारलं तेव्हा क्षणभर काहीतरी खटकलं होतं, हे खरं आहे.

संध्याकाळी यांनी विचारलं, “बुश आणून दिले का गं त्याने?”

नवी परात फळीवर होती. सकाळीच आमचं भांडण झालेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही. कुणी आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी यांनी भाऊजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, वहिनींच्या हातात दिले. हे त्यांना घेऊनच घरी आले. भाऊजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही मुलीला न्हाऊ घालत होता. आठवतं ना?”

मी खाली बघून म्हटलं, “मला नाही आठवत.”

 असेल माझीच चूक, एवढंच भाऊजी म्हणाले आणि गेले.

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा चार बुश केले आणि यांच्या हातात, वर्कशॉपात, चारचौघांसमोर दिले. फोर्क जोडले गेले. गाडी अशी सरळ चालू लागली की आम्ही तिघं देहूला जाऊन आलो, मुलगी टाकीवर पुढे बसलेली. भाऊजी मात्र रविवारी यायचे थांबले. यांनीही बोलावलं नाही. वर्षभरात त्यांची जबलपूरला बदली झाली. जाताना ते आमच्याकडे आले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी हे फोर्कमधलं तेल बदलत बसले होते. सहज म्हणाले, “हात सोन्याचा होता त्याचा. पण खोटं बोलला माझ्याशी.”

तेव्हा मी सगळं सांगितलं. यांनी पाना खाली ठेवला.

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“भ्यायले होते.”

“मला?”

 यांनी पाना परत उचलला आणि नट आवळायला घेतला. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात यांनी जबलपूरला पत्र टाकलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. महिन्याने उत्तराचं कार्ड आलं. लग्न झालं, मुलगा झाला, तिकडचा उन्हाळा सोसत नाही, असा मजकूर. त्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. शेवटी ‘वहिनींना नमस्कार’.

मी ते कार्ड कितीदा तरी वाचलं. त्या दोन शब्दांत राग आहे की माया, हे मला कधी कळलं नाही. आपणच चार ओळी लिहाव्यात असं ठरवून मी एकदा कार्डही आणवलं होतं. वर ‘भाऊजींस’ एवढं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, आणि मग मुलीने त्यावर पाढे लिहिले.