क्लिपा काढल्यावर

हॉलमध्ये मोठमोठ्या टाइल्स बसवून झाल्या, तेव्हा प्रत्येक सांध्यात प्लास्टिकच्या क्लिपा उभ्या होत्या आणि त्यांत लाल पाचरी ठोकलेल्या. "वहिनी, आता एकही टाइल वरखाली होणार नाही," मिस्त्री म्हणाले. मला ते पटेना. असं दाबून धरल्यावर कोण सपाट राहणार नाही? खालचा सिमेंटचा माल वाळून क्लिपा निघतील, तेव्हा खरं काय ते कळेल.

आमच्या घरातही असंच आहे. माझे यजमान आणि धाकटे दीर एरवी एकमेकांशी बोलत नाहीत. सणाला मात्र एका पंगतीत बसतात, एकमेकांकडे भाजी सरकवतात, कारण मध्ये सासूबाई बसलेल्या असतात. पाहुण्यांना वाटतं, काय एकोपा आहे. मी वाढता वाढता दोघांचे चेहरे बघत असते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सांध्याच्या रेषेत बुटाचं टोक मारत क्लिपा उडवल्या. फरशी जागची हलली नाही. तरी मी खाली बसले आणि नाण्याने एकेक टाइल वाजवू लागले. खाली माल नीट भरला नसेल, तर आवाज वेगळा येतो.

"काय ऐकतेस गं?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"आतून पोकळ आहे का, ते बघते."

त्यांनी माझ्या हातातल्या नाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "फरशी ठीक असेल. माझी दोन पोरं तेवढी मी गेल्यावर वाजवून बघ."