वर ओढलेली ओळ

सौदी अरेबियातल्या यान्बूत एका कारखान्याच्या मोठ्या दुरुस्तीवर मी होतो. कारखाना काही आठवडे बंद ठेवायचा, आतली यंत्रे उघडून साफ करायची, पुन्हा जोडायची, याला तिथे शटडाऊन म्हणतात. माझे काम कागदांचे होते. कोणते काम कोणत्या पद्धतीने करणार हे कंत्राटदार लिहून देत. मी त्याचे इंग्रजी नीट करून, क्रमांक घालून ते सह्यांसाठी पुढे पाठवत असे. त्याआधी अकरा वर्षे रत्नागिरीत एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होतो. कामगारांच्या कॅम्पमधले कोकणातले लोक त्यामुळे मला पेपरवाला म्हणत.

शेजारच्या टेबलावर कंप्रेसरचे एक तज्ज्ञ बसत. जन्म इराणचा, पासपोर्ट युरोपातला, वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणत. माझ्या खोलीत दापोलीकडचे एक फोरमन राहत. त्यांची माणसे कामासाठी लोखंडी परांच्या बांधत. त्यांना आम्ही मामू म्हणायचो. इंजिनिअरसाहेबांना हिंदी येत नव्हती आणि मामूंची इंग्रजी कामापुरतीच होती. दुपारी कॅन्टीनमध्ये तिघे एका टेबलावर बसलो की मधले भाषांतर माझ्याकडे येई.

एका शुक्रवारी मामूंनी त्यांना सरळ विचारले, "चाचा, जुम्याला दिसत नाय तुम्ही. तब्येत बरी ना?"

मी भाषांतर केले. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "आमच्या गावी कोण आले, कोण नाही, याची यादी एक सरकारी माणूस दारात उभा राहून करायचा. तेव्हापासून यादी करणारा कोणी नसला की मी नमाज पढतो."

मामूंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "ह्यांना सांग, इथं यादी मी करीत नाय. माझ्याबरोबर चला."

त्या हिवाळ्यात इराणमध्ये लोक रस्त्यावर आले. आधी मुली आणि विद्यार्थी, मग दुकानदार, मग शिक्षक. इंजिनिअरसाहेबांची धाकटी बहीण एका शाळेत भूगोल शिकवत होती. वर्गातल्या मुलींबरोबर ती शाळेच्या अंगणात सक्तीचा रुमाल काढून, डोके उघडे ठेवून उभी राहिली आणि नंतर इतर शिक्षकांबरोबर संपावर बसली. तिसऱ्या दिवशी तिला घरातून नेले. आरोप होता सार्वजनिक शांतता भंग केल्याचा. वकिलाच्या अंदाजाने शिक्षा झालीच तर वर्षभराची होईल.

ही बातमी त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्येच सांगितली. मामूंनी हातातली खबूसची रोटी खाली ठेवली.

"मग अमेरिकेला सांगा की. चार विमानं येतील, खलास."

मी हे जसेच्या तसे सांगितले. इंजिनिअरसाहेब रागावले नाहीत. "मी अठरा वर्षांचा असताना आमच्या शहरावर इराकची विमाने आली होती. बहीण तेव्हा अंगावर पीत होती. तळघरात आई तिच्यावर ओणवी होऊन बसली होती. वरून पाहणाऱ्याला मुल्ला कोण आणि बाळ कोण, ते दिसत नाही."

"म्हणजे कोणी मदतच करायची नाय?"

"करायची. पण आम्ही मागू ती."

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक निवेदन लिहिले. ते होते युरोपातल्या त्यांच्या गावच्या शिक्षक संघटनेला. दीड पान, हाताने, इंग्रजीत. आधी नमस्कार आणि क्षेमकुशल, मग बहिणीची नोकरीची वर्षे, तिच्या विद्यार्थिनी, तिने वर्गाच्या भिंतीवर रंगवलेला नकाशा. मग मागणी: शिक्षकांनी शिक्षिकेसाठी न्यायालयाला पत्र लिहावे, तिला वकील भेटू द्यावा एवढेच मागावे. अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ होती: जगातल्या सरकारांनीही याकडे पाठ फिरवू नये. ते म्हणाले, "तुम्ही वर्तमानपत्रात होता. जरा हात फिरवा."

मी हात फिरवला. डेस्कवर शिकलेली पहिली गोष्ट ही की बातमीचा जीव पहिल्या परिच्छेदात असतो. वाचणारा दुसऱ्यापर्यंत येईलच असे नाही. क्षेमकुशल मी काढले. नकाशा काढला. शेवटची ओळ सगळ्यात वजनदार वाटली, म्हणून ती उचलून वर आणली आणि तिला क्रियापद दिले. मथळा असा झाला: या शिक्षिकेसाठी परदेशी सरकारांनी हस्तक्षेप करावा, भावाचे आवाहन. शिक्षकांची पत्रे तिसऱ्या परिच्छेदात गेली. अकरा वर्षे रोज हेच केले होते. वीस मिनिटेही लागली नाहीत.

सकाळी बसमध्ये मी ते त्यांना मोबाईलवर दाखवले. त्यांनी वरवर पाहिले, "जोरदार झाले आहे" म्हणाले आणि पाठवून दिले. बस फाटकावर थांबली. आत मोबाईल नेता येत नसे. प्रत्येकाने आपला फोन खणात ठेवून चावी गळ्यात अडकवायची आणि आत जायचे. दहा तासांनी आम्ही बाहेर आलो तेव्हा ते निवेदन शिक्षक संघटनेकडून एका मोर्चापर्यंत, मोर्चातून फलकांपर्यंत आणि फलकांवरून इराणमधल्या त्यांच्या गावापर्यंत पोहोचले होते. फलकांवर फक्त मथळा होता.

चौथ्या दिवशी वकिलाचा फोन आला. चौकशीत बहिणीपुढे त्या फलकाचा फोटो ठेवला होता. तुझा भाऊ कोणत्या सरकारांशी बोलतो, हा एकच प्रश्न सहा तास विचारला गेला. आता दुसरा आरोप जोडण्याची तयारी होती: परकीय शत्रूशी संगनमत. त्याची शिक्षा महिन्यांत मोजत नाहीत. सुनावणीला सोळा दिवस उरले होते.

इंजिनिअरसाहेबांनी हे मला कार्यालयात, उभ्यानेच सांगितले. दोष दिला नाही. म्हणाले, "मी नीट वाचायला हवे होते."

"ओळ मी वर नेली," मी म्हटले. "हस्तक्षेप हा शब्दही माझा आहे. हे लिहून द्यायला मी तयार आहे."

त्यांचा हाताने लिहिलेला मसुदा माझ्या खणात होता. कागद सांभाळणे हेच तर काम होते. मूळ मसुदा, माझी बदललेली प्रत, दोन्हींतला फरक आणि तो कोणी केला, हे एका पानात मांडता येत होते. वकिलाने कळवले की नुसत्या ई-मेलला किंमत नाही. सही हवी, पासपोर्टची प्रत हवी, राहता पत्ता हवा.

मामूंना हे संध्याकाळी कळले. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या खाटेसमोर उभे राहिले.

"मेल्या, डोकं ठिकाणावर आहे ना? करारात काय लिवलंय? परदेशी माणसानं राजकारणात पडायचं नाय. इकामा रद्द करतील, कफील हात वर करील आणि तू विमानात." इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो मिळतो तो मालक.

"राजकारण नाही मामू. चुकीची दुरुस्ती आहे."

"दुरुस्ती! वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापतात ती? कोण वाचतो?"

"ही न्यायाधीश वाचणार."

"आणि पत्ता काय घालणार? यान्बू, सौदी अरेबिया?" मामू हसले. त्यात गंमत नव्हती. "वा! त्यांना परकीय हात शोधायचाय, आणि तू सौदीतून हात वर करतोयस."

तोपर्यंत हे माझ्या लक्षात आले नव्हते. सौदी आणि इराण यांचे जुने वैर सगळ्यांना माहीत आहे. सौदीतून गेलेला कागद तिच्या बाजूचा की विरुद्धचा, हे पाहणारा ठरवणार होता.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांचेही तेच मत पडले. "पासपोर्टवर रत्नागिरीचा पत्ता आहे. तोच द्या. तो खोटा नाही."

"राहता पत्ता मागितला आहे. मी राहतो यान्बूत."

"तुम्हाला तुमचा नियम महत्त्वाचा आहे की माझी बहीण?"

मी म्हटले, "उद्या त्यांनी शोधले आणि यान्बू सापडले, तर बाकीचा कागदही खोटा ठरेल. मग फलक खरा."

"आणि यान्बू आजच वाचले तर?"

कंप्रेसरचे काम त्या आठवड्यात अडले होते. बाहेरून माणूस येऊन "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता आणि इंजिनिअरसाहेबांना उठावे लागले. ते जाताना मी त्यांना म्हटले, "आपण दोघे इथे बसून पुन्हा तेच करतो आहोत. तिला विचारू."

एव्हाना वकिलाला आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे भेट मिळू लागली होती. पाच दिवस थांबावे लागले. दरम्यान मी पान तयार केले. त्यात विशेषण एकही ठेवले नाही. मी कोण, कुठे काम करतो, आधी काय करत होतो. मूळ मसुद्यात कोणती ओळ कुठे होती. मी ती कोणत्या सवयीने हलवली. या बाईंना मी ओळखत नाही, त्यांना या निवेदनाची कल्पना नव्हती, माझ्याशी कोणत्याही सरकारचा माणूस बोललेला नाही. यान्बूची जागा मोकळी सोडली होती.

भेटीनंतर वकिलाने तिचे उत्तर कळवले. इंजिनिअरसाहेबांनी ते फारसीतून इंग्रजीत करून मला सांगितले: "जे आहे ते लिहा. लपवलेले माझ्यासमोर आणून ठेवतात तेव्हा मला ते पहिल्यांदाच कळते, आणि मी खोटी दिसते. भावाला सांगा, यापुढे माझ्याविषयी काहीही पाठवण्याआधी मला विचार."

मी मोकळ्या जागेत यान्बू लिहिले, सही केली, पासपोर्टची आणि इकाम्याची प्रत जोडली. हाताने लिहिलेला मसुदाही पाठवला. मामू बाजूला उभे होते. त्यांनी पान वाचायला मागितले, अर्धे कळले असावे. "वेडा आहेस," म्हणाले, आणि कार्यालयातल्या माणसाने विचारले तर काय सांगायचे ते स्वतःच ठरवून मोकळे झाले: "मी सांगेन, पेपरवाल्याला कागद दिसला की सही केल्याशिवाय राहवत नाय. आजार आहे."

कार्यालयातल्या कोणी विचारले नाही. इकाम्याचे नूतनीकरण पुढे वेळेवर झाले. तो काळ मी शांत होतो असे म्हणता येणार नाही, पण घरी त्याबद्दल काही लिहिले नाही.

सुनावणीचा दिवस कामाचाच होता. फोन फाटकावर होते. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी माझ्याआधी धावत जाऊन खण उघडला. वकिलाचा निरोप लांब होता. सरकारी वकिलाने तो कागद हातात धरून विचारले होते, "सौदी अरेबिया. अजून काय पुरावा हवा?" बचावाच्या वकिलाने उत्तर दिले की ज्याला लपवायचे असते तो पत्ता लिहीत नाही, आणि मूळ हस्तलिखित वाचून दाखवले. क्षेमकुशलासकट. भिंतीवरच्या नकाशासकट. न्यायाधीशांनी दुसरा आरोप पुराव्याअभावी बाजूला ठेवला. पहिल्यासाठी अकरा महिने.

कागदामुळे तसे झाले का, हे मला माहीत नाही. त्याच आठवड्यात इतर काही शिक्षकांवरचे असेच आरोप मागे घेतले गेले होते. संप थांबवण्यासाठी सरकारला ते सोयीचे होते असे वकिलाचे म्हणणे. माझ्याकडे फक्त क्रम आहे: कागद गेला, मग निकाल लागला.

इंजिनिअरसाहेब बसमध्ये माझ्या शेजारी बसले आणि तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत राहिले. उतरताना म्हणाले, "अकरा महिने म्हणजे बरेच आहेत." ते खरे होते. बरे झाले असे म्हणणे त्या दिवशी कोणालाच जमले नाही.

महिन्याभराने तिचा दुसरा निरोप आला. तिच्या कोठडीत आणखी तीन शिक्षिका होत्या. त्यांना सरकारांची पत्रकेही नको होती आणि विमाने तर नकोच. शिक्षकांनी पत्रे लिहावीत, तुरुंगाच्या पत्त्यावर, नावानिशी. आत दिली नाहीत तरी चालेल. दारावर त्यांची नोंद होते, आणि ज्या बाईच्या नावाने रोज टपाल येते तिला मारताना हात जरा आखडतो, असा तिथला अनुभव होता.

हे मी खोलीत मामूंना वाचून दाखवले. मामूंची मोठी मुलगी दापोलीजवळ जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. त्यांनी लगेच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"ऐक. एका मास्तरणीला पत्र लिवायचंय. इराणातल्या. जेलात आहे."

"बाबा, तुम्ही तिथे काय करताय? कोणाच्या नादाला लागलात?"

"पेपरवाल्याच्या. तू लिव. तुझ्या वर्गात पोरी किती, काय शिकवतेस, पाऊस किती पडला. बस."

"मला फारसी कुठे येते?"

"उर्दूत लिव. अक्षरं तीच. तिला अर्धं कळेल."

मुलगी म्हणाली, "आणि तिथल्या पोलिसांनाही अर्धं कळेल."

"कळू दे ना," मामू म्हणाले. "काय चोरी आहे त्यात? आणि तुझ्या हेडमास्तरणीला पण एक लिवायला सांग. पत्ता पेपरवाला पाठवतोय."

मी पत्ता लिहिला, इंजिनिअरसाहेबांकडून अक्षर न् अक्षर तपासून घेतला आणि पाठवला. त्या आठवड्यात दापोलीहून पाच पत्रे टपालात पडली.