तिच्या हाताचा वास

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, निमगावातल्या थोरल्या भावापाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. की सांगून झाल्यावर तुमच्याकडे बघावं लागणार नाही, म्हणून? तसंही असेल.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर एका बर्गर कंपनीची दुकानं आहेत. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, आणखी दोन. तिथं जाऊन मी चव तपासतो. त्यातही स्वस्तातला मेनू माझ्याकडे: छोटा आलू टिक्की बर्गर, मक्याचा रॅप, मसाला फ्राईज. कॉलेजची पोरं खातात ते, लेण्याद्री-ओझर करून परतणारी कुटुंबं खातात ते. एक घास घ्यायचा, टॅबवर दहापैकी गुण भरायचे. चवीला किती, वासाला किती, कुरकुरीतपणाला किती. खाली दोन ओळींचा शेरा. त्या दोन ओळींवर पदार्थ राहायचा किंवा जायचा.

याचा मला माज होता. गावात लग्न असलं की आचारी आधी माझ्यापुढं वाटी धरायचा, "राव, बघा बरं मीठ." मी डोळे मिटायचो, उगाच जरा वेळ लावायचो.

मग एका तापात माझा वास गेला. ताप चार दिवसांत उतरला, वास काही आला नाही. जिभेला खारट कळायचं, गोड कळायचं, तिखट झोंबायचं — बस, तेवढंच. बटाटा आणि पनीर दातांनी ओळखायचो. बायकोनं विचारलं, चहात वेलची जास्त पडली का? म्हणालो, थोडी. माझ्या तोंडात गरम गोड पाणी होतं.

सांगायला हवं होतं ना ऑफिसात? सोपं होतं. दुसरं काम मिळालं असतं, कंपनी काही वाईट नव्हती. पण मग गावात वाटी कुणापुढं गेली असती? मी गप्प बसलो. सोबत घास घेणाऱ्या किचनमधल्या माणसांचे चेहरे बघून गुण द्यायला लागलो. भुवया वर गेल्या की आठ, पाणी प्यायले की पाच. शेरे जुनेच फिरवून लिहायचो. कुणालाच कळलं नाही.

एकीला कळलं.

मंचरच्या किचनमध्ये हिराबाई म्हणून होती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, भीमाशंकरकडच्या डोंगरातली. मुलगी मंचरला बारावीला, म्हणून खोली घेऊन राहिलेली. फ्रायरवर काम करायची. तेल बदलायची वेळ झाली की मशीनच्या आधी ती सांगायची, नुसत्या वासावर. सगळे तिला मावशी म्हणायचे. मी नावानं हाक मारायचो, ती मला साहेब म्हणायची.

एक दिवस मी रॅपला आठ दिले. तिनं तो अख्खा ट्रे काउंटरवर जायच्या आत मागं ओढून कचऱ्यात ओतला. सॉसला कुबट वास सुटला होता. नंतर मी बेसिनपाशी हात धूत होतो, ती शेजारी येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमाला वास येत न्हाई ना?" अगदी हळू म्हणाली. "माझ्या सासऱ्याचं असंच झालं व्हतं. जेवताना रडायचा म्हातारा."

साहेबाचा भाऊ झाला तो त्या मिनिटाला. मी नळ बंद केला. ती म्हणाली, "मी कुनाला सांगायची न्हाई. तुमी लिव्हा, वास मी सांगते."

आणि मी ते घेतलं — घेतलं हो, लाज न बाळगता. दोन महिने ती माझं नाक होती. जवळून जाता जाता पुटपुटायची, "मसाला कच्चाय," "पाव कालचाय." मी ते चांगल्या भाषेत लिहायचो. वरिष्ठांनी मेल करून माझं कौतुक केलं, इतके नेमके शेरे कुणाचेच नसतात म्हणून. मी तो मेल बायकोला वाचून दाखवला.

तुम्हाला वाटेल मी तिचे उपकार मानत असेन. मला ती डोळ्यांसमोर नको वाटायची. तिनं एकदा जरी टोमणा मारला असता, काही मागितलं असतं, तरी बरं होतं. पण ती माझी कीव करायची. फ्रायरवर तळणारी बाई, आणि माझी कीव!

मग कंपनीनं किचनमधल्या माणसांना सांगितलं, स्वस्त मेनूसाठी एकेक नवा पदार्थ करून दाखवा. हिराबाईनं नाचणीची टिक्की केली, पावात घालून, वर खुरासणीची चटणी. दुपारी टेबलाभोवती आम्ही सहाजण बसलो. पुण्याहून एरिया मॅनेजर मॅडम आल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याआधीच घास घेतला. शिफ्ट मॅनेजरनं दुसरा उचलला. चेहरे वाचण्यात मी तरबेज झालो होतो. एवढे खूश चेहरे त्या टेबलावर मी कधी बघितले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमची जीभ कमाल आहे. तुम्ही यांच्या जोडीला टेस्टिंगलाच या."

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. बरं झालं, आता चोरून सांगायला नको — असं ते हसू होतं. मला दुसरंच दिसलं. ती माझ्या शेजारी बसलीय, तिच्यासमोरही टॅब आहे, आणि दर घासाला सगळ्यांपुढं माझं नाक तपासलं जातंय.

मी घास तोंडात घेतला, दोनदा चावला आणि टिश्यूत थुंकला. नीट, सगळ्यांना दिसेल असा.

"वास आहे," मी म्हणालो. "पदार्थाला नाही, हातांना. चुलीचा धूर, गोठा... तो धुऊन जात नाही मॅडम. हा पाव विकायचा तर सोबत नाकाला लावायला चिमटा द्यावा लागेल."

हसले सगळे. मग मॅडमनी आपला उरलेला पाव नाकाशी नेला. "हं... काहीतरी येतंय खरं." आणि ज्यानं दुसरा उचलला होता, तो शिफ्ट मॅनेजर तो खाली ठेवत म्हणाला, "मला आधीच वाटलं व्हतं, मी बोललो न्हाई."

हिराबाईनं स्वतःचे तळवे नाकाशी नेले. हुंगले. पुन्हा एकदा हुंगले. मग माझ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायची देर होती — ह्यांना वास येतच नाही. तिनं शब्द दिला होता. ती बोलली नाही.

मला काय वाटलं म्हणता? हलकं वाटलं. गंमत वाटली. नसलेला वास मी पाच जणांच्या नाकात घातला होता! मी दोन गुण दिले, शेऱ्यात स्वच्छतेबद्दल शंका असं लिहिलं आणि गाडीत गुणगुणत नारायणगावला गेलो.

तिला किचनमधून काढून टेबलं पुसायला लावलं, हातमोजे घालून. टेबलं पुसणाऱ्या बाकी कुणाला हातमोजे नव्हते. पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास माझा वास हळूहळू परत आला. गेलेला कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा आलेलाही कुणाला सांगता आला नाही. मला बढती मिळाली.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. गेल्या उन्हाळ्यात कामासाठी घोडेगावला गेलो होतो. दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. मागच्या दारापाशी हिराबाई भांडी घासत होती. मालकीणबाईंना मी सहज विचारलं, ही बाई चांगला स्वयंपाक करते ना? "करत असंल," त्या म्हणाल्या, "पण पिठाला हात लावत न्हाई. म्हनती माझ्या हाताला वास येतो. आमाला तर काय कधी आला न्हाई."

तिनं मला ओळखलं. पदराला हात पुसत आली, दोन हात लांबच थांबली.

"भाऊ, आला का वास परत?"

"आला."

"बरं झालं." खरंच बरं वाटलं होतं तिला. मग जरा घुटमळली. "एक इचारू? त्या दिवशी तुमाला येत नव्हता, ते मला ठाव हाय. पन बाकीच्यांना आला ना? मॅडमला आला, त्या मॅनेजरला आला. म्हंजी व्हताच ना वास?"

आता मला वास येत होता. तिच्या हाताला भांड्यांच्या साबणाचा वास होता, लिंबाचा. दुसरा कसलाही नव्हता. एक 'नाही' म्हणायचं होतं. टेबलापाशी आम्ही दोघंच, मालकीणबाई आत गेलेल्या, ऐकायला कुणी नाही, माझं काहीही जाणार नव्हतं.

"असेल," मी म्हणालो. "त्यांना आला म्हणजे असेलच."

तिनं मान हलवली, जणू कधीचं अडलेलं काहीतरी सुटलं. हात पदराखाली घेतले आणि भांड्यांकडे गेली.

आमटी चांगली होती. मी भात पुन्हा मागून घेतला.