मासा मेला की संकट टळतं

मेडिकलवाल्याकडं लोक खोकत येतात. माझ्याकडं मेलेला मासा पिशवीत घालून येतात अन् काउंटरवर ठेवून इचारतात, "हारूणभाई, ह्याला काय झालतं?" मेल्यावर! तालुक्याच्या गावात फिश टँकचं दुकान टाकलं की असले किस्से फिल्टरातल्या गाळासारखे साचतच जातात. सांगितले की लोक हसतात. मीबी हसतो, पण सगळ्यांवर न्हाई.

*

चकलांब्याचा एक जण आला. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठलेले. रोग लई साधा. पाणी जरा कोमट ठेवायचं, औषधाचे थेंब टाकायचे, धीर धरायचा. बाटली दिली, नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पिशवीत!

"औषध टाकलं न्हाई का?"

"टाकलं की. ठिपके जाईनात, मग कपड्याच्या पावडरनं टाकी घासली."

"मासे बाहेर काढून ना?"

"बाहेर कावून? डाग तर माशालाच होते!"

*

कापडदुकानवाले लिंबाजी अण्णा माझे जुने गिऱ्हाईक. वैनीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिसच्या फेऱ्या चालू. घरात पडून पडून तिचा जीव उबगतो म्हणून अण्णांनी टाकी नेली, गोल्डफिश नेले. पहिला मासा मेला तर अण्णा पेढे घेऊन दुकानात! मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

"अरे, मासा मेला की घरावरचं संकट सोबत घेऊन जातो. मला एकानं सांगितलं अन् पटलं बघ. त्याच दिवशी हिचा रिपोर्ट बरा आला!"

"अण्णा, मासा पाण्यानं मरतो, संकटानं न्हाई."

"तुला काय कळतंय बे! पेढा खा अन् दुसरा मासा दे."

दिला. धंदा हाय माझा, काय करू?

*

मधीच एका पुढाऱ्याच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. साहेबांचा मोठा मासा उताणा पडलेला. साहेब लालेलाल, "विरोधकांनी विष घातलं! पोलिसात देतो!"

मी वाकून बघितलं. पाण्यावर तेलाचा तवंग, डिझेलचा वास.

"साहेब, पाणी कुठून भरलं?"

"टँकरनं."

"कुणाचा टँकर?"

साहेबांनी पीएकडं बघितलं. पीए हळूच म्हणाला, "आपलाच."

साहेबांनी माशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हार्ट अटॅकच असंल मग," म्हणाले.

तोच टँकर खाली वस्तीत चाललता. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या.

*

इकडं अण्णांचे पेढे काय थांबेनात. शेवटी मला ऱ्हावलं न्हाई. टेस्ट किट घेऊन घरीच गेलो. टाकी वैनीच्या खाटेसमोर. मासे वर येऊन तोंड उघडत होते, कल्ले लालभडक. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पिवळं ऱ्हायलं तर ठीक असतं. हे झालं गडद हिरवं! अमोनिया. तळाला दाण्यांचा थर कुजत पडलेला.

"वैनी, किती दाणे टाकता?"

"मला डॉक्टरनं पाणीसुद्धा मोजून दिलंय, भाऊ. ह्यांनी तरी पोटभर खावं."

तळाचा गाळ ओढला, निम्मं पाणी बदललं, माझ्या टाकीतला मुरलेला, घाण पचवणारा स्पंज त्यांच्या फिल्टरात बसवला. दाणे चिमूटभरच टाका म्हणलं.

निघताना वैनीनं हात जोडले. "भाऊ, एकबी मरू देऊ नका. हे पेढे वाटतेत, पन एक मेला की मला वाटतं, आता माझाच नंबर."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. खाली बघत मला वाट दिली.

*

मी मग अधूनमधून जाऊन पाणी तपासायचो. हिरवट, फिक्कट, मग एक दिवस पिवळंधमक! मासे टकाटक. वैनी मला हाताला धरून दाखवायची, "ह्याला बघा, कसा नाचतोय!" लई बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

अण्णा मात्र दुकानासमोरून जायचे ते आत यायचे न्हाईत. एकदा मीच हाक मारली. "अण्णा, पेढे बंद केले काय?"

मस्करी होती ओ माझी!

अण्णा थांबले. "हिचे रिपोर्ट खराब यायलेत," म्हणाले. "अन् मासा तर एकबी मरंना."

*

वैनी गेली. मातीला मी गेलतो.

दहावं-तेरावं उरकल्यावर एका सकाळी दुकान उघडतोय तर अण्णा पायरीवर बसलेले. शेजारी बादली. आत सगळे गोल्डफिश, सोन्यासारखे चमकत होते. पोटं भरलेली, शेपट्या उघडलेल्या. माझ्या दुकानातबी एवढे देखणे मासे नव्हते.

"अण्णा, आत या, च्या सांगतो."

अण्णा उठले. बादली माझ्या पायाशी सरकवली.

"मोजून घे, हारूण," म्हणाले. "एकालाबी काय झालं न्हाई."